‘कळवले’चा शिक्का

प्रिय ताई,

आठ दिवसांत मी तुला एकवीस वेळा फोन केला आणि एकवीस वेळा तू तो कापलास. तू घरीच आहेस आणि बोटांत अजून जोर आहे, एवढीच बातमी मला त्यातून मिळाली. म्हणून हे पत्र. ते तुझ्या लेकीच्या हातात देणार आहे, भावजींच्या नाही. भावजी ते आधी स्वतः वाचतील, मग कपाटात ठेवतील आणि सोमवार उलटला की तुला देतील. पाकिटात पत्राबरोबर घडी घातलेला एक कागद आहे. तो शेवटी उघड. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचून मला मुद्दाम सांगायचीस, तसं या वेळी करू नकोस.

मी तुझ्या ऑपरेशनमध्ये मोडता घातला असं तू सगळ्यांना सांगत फिरते आहेस. घातलाच. गेल्या बुधवारी संध्याकाळी तू चौथ्या मजल्यावर हॉस्पिटलचा हिरवा गाऊन चढवून, घट्ट वेणी घालून, दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयाची झडप बदलून घ्यायला तयार बसली होतीस आणि तळघरातल्या लॅबमधून वर येऊन मी ते सगळं मोडलं. आता भावजींनी डेपोतल्या त्यांच्या जुन्या साहेबाची ओळख काढून दुसऱ्या हॉस्पिटलात येत्या सोमवारची तारीख मिळवली आहे, हे मला तुझ्या लेकीनं सांगितलं. तीस वर्षं बसची वेळापत्रकं लावलेला माणूस आहे तो. गाडी रिकामी गेली तरी चालेल, वेळेवर सुटली पाहिजे. या गाडीत तू बसली आहेस, एवढंच मला म्हणायचं आहे. त्यांना ते ऐकू येत नाही म्हणून तुला सांगते आहे.

खरं सांगू, मला सध्या शिसारी आली आहे. लॅबच्या जिन्यात फिनेलचा वास येतो. सव्वीस वर्षं तो नाकात मुरला होता, कधी जाणवला नाही. आता तिसऱ्या पायरीवरच नाकाला रुमाल लावते. डब्यातला घास रक्ताच्या नळ्यांच्या शेजारच्या खोलीत बसून मी इतकी वर्षं कसा गिळला कोण जाणे, गेला आठवडा डबा तसाच घरी येतो. माझ्या पांढऱ्या कोटाची किळस येते. मशीनमधून कुरकुरत बाहेर येणाऱ्या कागदाच्या पट्टीची येते. आणि सगळ्यात जास्त येते ती माझ्या टेबलावरच्या एका निळ्या शिक्क्याची. त्याची गोष्ट तुला सांगायला हवी, कारण तो शिक्का माझा आहे.

आमच्याकडे नियम असा की रक्ताचा एखादा आकडा फार खाली किंवा फार वर आला की लॅबनं ताबडतोब वॉर्डात फोन करून सांगायचं आणि कोणाला, किती वाजता सांगितलं ते रजिस्टरमध्ये लिहायचं. नियम चांगलाच आहे. पण दिवसातून वीस-वीस वेळा तेच ते वाक्य लिहून हात दुखायचा. तेव्हा नऊ-दहा वर्षांपूर्वी तुझ्या या हुशार बहिणीनं एक शिक्का करून आणला. वर ठळक अक्षरात ‘कळवले’, खाली वेळेसाठी एक रेघ, नावासाठी एक रेघ. लॅबप्रमुख इतके खूश झाले की सगळ्यांदेखत मला शाबासकी दिली. तेव्हापासून आमचं काम कसं सोपं झालं बघ. आकडा वाईट आला, फोन केला, पलीकडून कोणीतरी शिकाऊ डॉक्टर हं म्हणाला, मी धाडकन शिक्का मारला. संपली माझी जबाबदारी. तो शिकाऊ डॉक्टर फाइलवर लिहायचा, वरिष्ठांना कळवले. वरिष्ठ लिहायचे, सर्जनना कळवले. सगळ्यांनी सगळ्यांना कळवलेलं असायचं आणि कोणी काही केलेलं नसायचं. उष्टं ताट हातोहात पुढे सरकवावं तसा तो आकडा सरकत सरकत ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जायचा.

कारण आमच्याकडे पेशंट ऑपरेशनच्या आदल्या दुपारी भरती होतो. चारला रक्त घेतात, साडेपाचला आकडा येतो. तोवर छातीवरचे केस काढून झालेले असतात, संमतीच्या कागदावर सह्या झालेल्या असतात, दुसऱ्या दिवशीची यादी भिंतीवर लागलेली असते आणि नातेवाईक गावागावांहून येऊन बाकांवर बसलेले असतात. त्या वेळी पेशंटच्या अंगात रक्त कमी आहे, हे आधी दुरुस्त करू या, असं म्हणणारा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो. मग सगळे मिळून म्हणतात, टेबलावर दोन बाटल्या चढवू. आणि गंमत अशी की तो आकडा आदल्या दिवशी उगवलेला नसतोच. तुझीच फाइल मी आता पानन् पान चाळली. दोन महिन्यांपूर्वीच्या तपासणीतही तुझं हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक एक होतं. बाईमाणसाचं निदान बारा तरी असावं. झडप बदलण्याआधी दातांच्या डॉक्टरचा दाखला लागतो, त्याच्या मागे तो कागद टाचलेला होता. तुझ्या अक्कलदाढेत कीड नाही याची खात्री तीन जणांनी करून घेतली होती, सह्या आहेत त्यांच्या. त्या मागच्या कागदावर मात्र कुणाची नजर गेल्याची खूण नाही. गेल्या बुधवारी तोच आकडा सात पूर्णांक आठ झाला होता.

त्या दिवशी तुझी जांभळ्या टोपणाची नळी माझ्याच हातात आली. मी मशीन दुसऱ्यांदा चालवलं. मग काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. लाल पेशी बारक्या, फिकट, मधे पोकळ. अशा पेशी एका दिवसात होत नाहीत, ताई. त्या बघताना मला एकदम आपली शाळा आठवली. माझ्या दप्तरातल्या पाटीच्या पेन्सिली कोण खातं याचा तपास दोन वर्षं चालला होता आणि शेवटी तू दाराआड कुडुम् कुडुम् करताना सापडलीस. आईनं तुला बदडलं, बाबा पोट धरून हसले. अंगात लोह कमी असलं की माणसाला माती, खडू, बर्फ असलं काहीतरी खावंसं वाटतं, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. वाचलं आणि पान उलटलं. आता गेली तीन वर्षं तू फ्रीजमधला बर्फ चघळत बसतेस आणि तुझी लेक तुला पेंग्विन म्हणते, तेव्हाही मी हसलेच.

शिवाय आपल्या घरात तुझ्या रंगाचं कौतुक. आत्या म्हणायची, ही म्हणजे दुधावरची साय. आल्यागेल्यापुढे तुझा हात उलटा करून दाखवायची, बघा कशी, नस न नस दिसते. मी शेजारी उभी, तुझ्याच तोंडून मिळालेलं कोळसा हे नाव घेऊन. किती जळले मी त्या रंगावर. आणि तो रंग नव्हताच गं. खालच्या पापणीच्या आत लाली नाही, नखांत नाही, तळहाताच्या रेघांत नाही. एक पोर दिवसेंदिवस पांढरी पडत होती आणि अख्खं घर तिची दृष्ट काढल्यासारखं कौतुक करत होतं. हे आठवलं की मला आत्याचाही राग येतो आणि मग येते ती किळसच, कारण मी तर पुढे रक्त तपासण्याचाच धंदा केला आणि तरी तुझ्याकडे बघताना सायच बघत राहिले.

आता तुझ्यावर चिडते, ऐकून घे. बुधवारी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई तुझ्या खाटेशी येऊन पापणी ओढून बघत होत्या, तेव्हा त्यांनी भावजींना बाहेर पाठवलं आणि तुला सरळ विचारलं. तू भिंतीकडे तोंड करून सांगितलंस की तीन वर्षं मूळव्याधीचं रक्त जातं आहे. तीन वर्षं! नवऱ्याला सांगितलं नाहीस, लेकीला नाही, मला तर नाहीच. लोहाच्या गोळ्या कुणीतरी दिल्या होत्या, त्या शौचाला काळं होतं म्हणून घाणेरडं वाटून आठ दिवसांत बंद केल्यास. घाण वाटते म्हणून तोंडाला कुलूप. हृदयाच्या झडपेबद्दल तू बाजारात भाजीवाल्याशीसुद्धा बोलतेस, तिथं मोठेपणा आहे. हे मात्र लपवायचं, रोज धुऊन टाकायचं आणि वर हसत बसायचं. मला तुझी दया आली असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू, मला संताप आला. नुसती मूळव्याधच आहे की आतड्यात आणखी कुठून रक्त जातंय हेही बघावं लागेल, असं त्या बाईंनी सांगितलं, आणि तू मान फिरवलीस ती अजून फिरवूनच आहेस.

तुला वाटतं, रक्त कमी तर कमी, चढवतील की. आम्ही लॅबमधली माणसं पेशंटचा चेहरा बघत नाही, पण त्याच्या नळ्या बघतो. ऑपरेशन झालं की रोज सकाळी त्याच नावाची नळी खाली येते. ज्यांचं रक्त आधीपासून चांगलं, त्यांच्या नळ्या बहुतेक करून सहाव्या-सातव्या दिवशी यायच्या थांबतात. माणूस घरी गेला, हे आम्हाला तसं कळतं. ज्यांचं कमी असतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या नळ्या येतच राहतात. आज मूत्रपिंडाचा आकडा चढला. परवा पांढऱ्या पेशी वाढल्या, म्हणजे कुठेतरी जंतू शिरले. मग पुन्हा बाटली हवी, पुन्हा जुळवून द्या. सगळ्यांचं असं होतं असं मी म्हणत नाही. सात-आठ आकड्यावर ऑपरेशन होऊन टुणटुणीत घरी गेलेलेही आहेत. पण सव्वीस वर्षांत कुणाची नळी किती दिवस येणार याचा अंदाज पहिल्या संध्याकाळच्या आकड्यावरून मला बांधता यायला लागला आणि तो फार वेळा खरा ठरला. असा अंदाज बांधता येण्याची मला आता लाज वाटते.

त्या बाईंनी मला कागदावर आकृती काढून समजावलं, ते तुला सांगते, कारण त्या दिवशी तू ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतीस. ऑपरेशनच्या वेळी हृदय थांबवतात आणि तेवढा वेळ एक यंत्र शरीरभर रक्त फिरवतं. त्या यंत्राच्या नळ्या आधी लिटर-सव्वा लिटर पाण्यासारख्या द्रवानं भरलेल्या असतात. तो सगळा तुझ्या रक्तात मिसळणार. तू मूळची एवढीशी, रक्त मुळातच थोडं, त्यातही पातळ. सरबतात आधीच साखर कमी आणि वरून तांब्याभर पाणी ओतायचं. मग मेंदूला, मूत्रपिंडाला प्राणवायू पोचवायचा कुणी? टेबलावर बाटल्या चढवतात त्या यासाठीच. मी त्या बाटल्यांच्या विरोधात नाही, आयुष्यभर जुळवून दिल्यात आणि माणसं वाचताना पाहिली आहेत. अडीअडचणीला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. पण जितक्या जास्त बाटल्या तितका जास्त धोका, हेही खरंच आहे, आणि हातात वेळ असताना सरळसरळ अडचण ओढवून घ्यायची ही कुठली रीत? तुझ्या बाबतीत वेळ आहे. सर्जन स्वतः म्हणाले की औषधांवर तुझी झडप सहा आठवडे थांबू शकते. दम वाढला, पाय सुजले, चक्कर आली तर लगेच भरती व्हायचं, नाहीतर तेवढ्या दिवसांत शिरेतून लोहाची इंजेक्शनं द्यायची, रक्त कुठून जातं ते शोधून बंद करायचं आणि आकडा बाराच्या आसपास आला की तीच झडप, तेच सर्जन, तेच टेबल. एवढंच आहे ते. कुणी तुझं ऑपरेशन रद्द केलं नव्हतं.

मला माहीत आहे तुला घाई कशाची आहे. लेकीला सातवा संपत आला. ती बाळंत होईल तेव्हा तुला तुझ्या पायांवर उभं राहून बाळ हातात घ्यायचं आहे. पुढे ढकललं तर कदाचित तू त्या वेळी नुकतीच ऑपरेशन होऊन बसलेली असशील, वजन उचलायचं नाही, बाळ कुणीतरी तुझ्या मांडीवर ठेवावं लागेल. हे वाईट आहे, मी नाही म्हणत नाही. पण सोमवारी गेलीस तर त्या दुसऱ्या हॉस्पिटलातही रविवारी संध्याकाळीच रक्त घेतील. तिथेही तळघर असेल. तिथेही माझ्यासारखी एखादी असेल आणि तिला तू कोण हे माहीत नसेल.

त्या बुधवारी मी शिक्का उचलला होता, ताई. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वॉर्डात फोन केला होता, पलीकडून हं आलं होतं, शिक्का शाईच्या गादीवर टेकवूनही झाला होता. मग तो खाली ठेवला आणि रिपोर्ट हातात घेऊन चार मजले चढून गेले. लिफ्टची वाट बघितली असती तर कदाचित विचार बदलला असता. भूल देणाऱ्या बाई त्यांच्या खोलीत चहा पीत होत्या. त्यांनी कागद वाचला, कप खाली ठेवला, माझ्या कोटावरची नावाची पट्टी वाचली आणि विचारलं, “या तुमच्या कोण?” मी म्हटलं, बहीण. त्या म्हणाल्या, “बहीण नसती तर आला असता वर?”

ओरडून नाही विचारलं त्यांनी. टोमणाही नव्हता त्यात. माहिती हवी असल्यासारखं विचारलं आणि मी त्यांच्यापुढचा कागद उगाच सरळ केला. मग त्या उठल्या, तुझ्या खाटेशी आल्या, सर्जनना फोन लावला. सर्जन आधी वैतागले, यादीत भोक पडलं म्हणून कुरकुरले आणि शेवटी आकडा दोनदा विचारून घेऊन हो म्हणाले. पुढचं तुला माहीत आहे. भावजींनी घड्याळाकडे बघत आरडाओरडा केला. तू गाऊनच्या नाड्या सोडत होतीस आणि वॉर्डातल्या सगळ्यांदेखत तू मला म्हणालीस, “बाबांच्या वेळी एक शब्द काढला नाहीस तोंडातून. माझ्याच वेळी बरी जीभ सुटली.” वर असंही म्हणालीस की मला तुझं चांगलं कधी बघवलंच नाही. त्या दुसऱ्या वाक्याचं मला काही नाही. पहिल्या वाक्यानं मात्र मी आठ दिवस झोपेतून दचकून उठते आहे.

शिक्का अजून तिथेच आहे, बरं का. मी हात लावत नाही तर शेजारच्या टेबलावरचा मारतो. मी लॅबप्रमुखांना लिहून दिलं की भरतीची तारीख ठरते त्याच दिवशी, महिनाभर आधी, रक्त बघायला हवं आणि कमी असेल तर तारीख पुढे न्यायला हवी. त्यांनी अर्ज वाचला, विचार करू म्हणाले आणि माझ्यादेखत अर्जावर तोच शिक्का मारून वर पाठवला. मला हसू आलं आणि लगेच बेसिनपाशी धावावं लागलं. भूल देणाऱ्या बाई मात्र रोज दुपारी पुढच्या महिन्याच्या यादीतल्या माणसांचे आकडे मागवून घेतात, मी ते स्वतः नेऊन देते. चार मजले चढते. गुडघे दुखतात, पण जिन्यात निदान फिनेलचा वास कमी होत जातो.

बाबा आठवतात का तुला, वजनकाटे दुरुस्त करताना? दुकानदार बाहेर ताटकळत असायचा आणि बाबा तिसऱ्यांदा तेच वजन ठेवून काट्याचं टोक बघत बसायचे. चिमूटभर फरक असला तरी काटा परत खोलायचे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर त्यांच्यापाशीच यावं लागतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली आणि एकोणीस दिवसांनी ते गेले. वय झालं होतं, मूत्रपिंडं बसली, नशीब, असं आपण सगळ्यांना सांगितलं आणि आपणही मानून घेतलं. तू म्हणतेस मी तेव्हा गप्प होते. मी गप्प नव्हते, ताई. आता तो घडीचा कागद उघड. आमच्या जुन्या रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स आहे, परवा रेकॉर्डच्या खोलीत धूळ खात शोधून काढलं. वरून सातवी ओळ. नाव बाबांचं, हिमोग्लोबिन आठ पूर्णांक सहा, पुढे शिक्का, वेळ पाच चाळीस, आणि सही माझी. मला माहीत होतं. गुडघ्यांसाठी ते वर्षानुवर्षं कसल्या गोळ्या खात होते आणि त्या गोळ्यांनी पोटातून रक्त जाऊ शकतं, हेही मला माहीत होतं. पण तू दोन दिवसांचा प्रवास करून आली होतीस, तारीख मुश्किलीनं मिळाली होती, मला नुकतीच शाबासकी मिळालेली होती आणि सर्जनच्या खोलीत जाऊन बोलायला मला संकोच वाटला. हो, संकोच. शिक्का मारून मी वॉर्डात त्यांना भेटायला गेले, तेव्हा तू चहा आणायला गेली होतीस. त्यांनी मला विचारलं, “माझं रक्त कसं आहे गं, कोळशा?” मी म्हटलं, “लालभडक, बाबा.” तर ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाले की माझी पोर तपासते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. थोड्या वेळानं तू चहा घेऊन आलीस, रिपोर्ट कसे आहेत म्हणून विचारलंस, आणि मी तुलाही तेच सांगितलं. पुढे एकोणीस दिवस त्यांच्या नळ्या मीच तपासल्या. विसाव्या दिवशी नळी आली नाही. रक्त कमी होतं म्हणूनच ते गेले असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, भूल देणाऱ्या बाईंनीही सांगितलं नाही. पण थांबलो असतो तर, हे विचारायची वाट मी त्या शिक्क्यानं बंद केली. हे तुला सांगितल्यावर तू मला दारात उभी करणार नाहीस, हे धरूनच लिहिते आहे. बोलू नकोस माझ्याशी. आयुष्यभर बोलू नकोस. पण सोमवारी जाऊ नकोस, म्हणजे ते आयुष्य नीट वीस-पंचवीस वर्षांचं असेल आणि मला रोज फोन करता येईल आणि तुला तो रोज कापता येईल. पहिलं इंजेक्शन शनिवारी सकाळी दहाला ठरवून ठेवलं आहे. मी खाली दारापाशी उभी राहीन, तुला बघून बाजूला होईन.

जिच्या रंगावर मी जन्मभर जळले तिची, आणि अजूनही
तुझीच,
कोळसा